आधी छत्री, मग छायाचित्र



फेब्रुवारी २०१८ मध्ये एका मराठी महिलेचे छायाचित्र देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. थायलंडमधील पट्टायाच्या आकाशात, सुमारे १३ हजार फुटांवरून, पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली होती. ते चित्र पाहून घरातील आजीबाईंना कासोटा कसा टिकला असेल, हा प्रश्न पडला असेल. मुलींच्या मनात असे धाडस आपल्यालाही जमेल का, हा विचार आला असेल. हाती कॅमेरा असलेल्या तरुणांना मात्र तिसराच प्रश्न पडतो. आकाशात असे चित्र काढतात तरी कसे? आजच्या विवेचनाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे. वरवर तो हौसेचा आहे, पण त्याच्या उत्तरावर तरुणांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून तो छायाचित्रकारांपुरता न राहता त्यांच्या आईवडिलांचाही होतो.

आकाशातील दुसरा माणूस

जमिनीवरून पाहणाऱ्याला उडी घेणारा एक ठिपका दिसतो. त्याच्या मुद्रेवरील भाव टिपायचे, तर कॅमेरा त्याच्याजवळ हवा. म्हणजेच तो धारण करणारा माणूसही त्याच वेगाने खाली येत असला पाहिजे. प्रशिक्षकाला बांधून घेतलेल्या नवशिक्याच्या उडीत बहुधा प्रशिक्षकाच्याच मनगटावर लहान कॅमेरा असतो. अन्यथा दुसरा अनुभवी उडीकार केवळ चित्रणासाठी बरोबर उडी घेतो. चित्रात तो कधीच नसतो. लोक उडी घेणाऱ्याचे कौतुक करतात. त्याच विमानातून, त्याच उंचीवरून, तोच धोका पत्करून झेपावलेला हा दुसरा माणूस कुणाच्या ध्यानीही येत नाही.

त्याचे काम नेमके काय असते, ते पाहू. पोट खाली करून मुक्तपणे पडणाऱ्या माणसाचा वेग काही सेकंदांतच ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. १३ हजार फुटांवरून निघालेल्याला छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळते. सर्वच माणसे सारख्या वेगाने पडत नाहीत. देहाचे वजन, अंगावरचा पोशाख आणि हातापायांची ठेवण यांनुसार वेगात फरक पडतो. छायाचित्रकाराला ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्याशी आपला वेग जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी त्याच्या पोशाखाला काखेपासून कमरेपर्यंत कापडी पंख शिवलेले असतात. हात पसरले की वाऱ्याचा विरोध वाढून वेग मंदावतो, आखडले की वेग वाढतो. तात्पर्य, त्याचे हात ही त्याची सुकाणू आहेत, आणि त्या हातांत कॅमेरा धरणे अशक्य आहे.

म्हणूनच कॅमेरा शिरस्त्राणावर बसवतात. एका डोळ्यासमोर लहानसे वर्तुळ असलेली नेमखूण लावलेली असते. विषय त्या वर्तुळात ठेवायचा, म्हणजे तो चित्राच्या चौकटीत येतो. बटण दाबायला हात मोकळा नसल्याने तोंडात धरलेली कळ जिभेने किंवा दातांनी दाबतात. भिंग रुंद दृष्टिक्षेपाचे असते. केंद्रीकरण जमिनीवरच करून ठेवतात. शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी कालावधीचा राखतात. आकाशात गेल्यावर दुरुस्तीला सवड नसते. सर्व विचार आधी करायचा आणि वर फक्त अंमल करायचा, अशी ही कला आहे.

दोनशे उड्यांची अट

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतील उडीकारांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, निदान दोनशे उड्यांचा अनुभव झाल्यावाचून कोणीही अंगावर कॅमेरा घेऊन उडी घेऊ नये. हा नियम केवळ मोठ्या कॅमेऱ्यांसाठी नाही. काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्यालाही तो लागू धरला जातो. पुष्कळ तरुणांना ही अट जाचक वाटते. इतक्या हलक्या यंत्राने काय बिघडणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

बिघडते ते दोन प्रकारे. पहिला धोका दोऱ्यांचा. छत्री उघडताना तिच्या दोऱ्या क्षणार्धात ताणल्या जातात. शिरस्त्राणावर उंचवटा असेल आणि दोरी त्यात अडकली, तर छत्री नीट उघडत नाही, शिवाय मानेला जबर हिसका बसतो. म्हणून जाणकारांच्या शिरस्त्राणाला एक आपत्कालीन कळ असते. ती ओढली की शिरस्त्राण डोक्यापासून सुटते. हजारोंचा कॅमेरा त्या वेळी जाऊ द्यायचा असतो. तो निर्णय क्षणात घेता यावा, यासाठीही अनुभव लागतो.

दुसरा धोका मनाचा, आणि तो अधिक मोठा. ताशी २०० किलोमीटर वेगाने पडणारा माणूस एका सेकंदात सुमारे १८० फूट खाली येतो. चित्र जुळवण्याच्या नादात पाच सेकंद भान हरपले, तर नऊशे फूट गेले! ज्याला उंचीमापकाकडे पाहण्याची, आजूबाजूच्या उडीकारांचा अंदाज घेण्याची आणि ठरल्या उंचीवर छत्री उघडण्याची सवय अंगवळणी पडलेली नाही, त्याचे लक्ष कॅमेरा पळवून नेतो. शिरस्त्राणात उंचीची सूचना देणारे श्राव्य यंत्र असते. छत्री उघडायची राहिलीच, तर ठरावीक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही असते. तरी जाणते लोक त्यांना दुसरा आधार मानतात. पहिला आधार स्वतःचे भान हाच.

अनुभवी माणसाचेही भान सुटू शकते, याचे एक विदारक उदाहरण जगभरच्या उडीकारांना ठाऊक आहे. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक उडीकार एका विद्यार्थ्याचे आणि प्रशिक्षकाचे चित्रण करण्यासाठी विमानात चढला. चित्रणाची सामग्री त्याच्या अंगावर होती. तो झेपावला, त्याने चित्रणही केले, परंतु त्याच्या पाठीवर छत्रीच नव्हती. ती घ्यायलाच तो विसरला होता. त्या काळची चित्रणसामग्री बरीच वजनदार असे, आणि त्या ओझ्यामुळेच छत्री पाठीवर नसल्याचे त्याला जाणवले नसावे, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. आठशे उड्यांचा अनुभव एका कॅमेऱ्याच्या विचारात झाकला गेला. या घटनेतून एकच धडा निघतो. उपकरणांच्या यादीत पहिली ओळ छत्रीची आणि शेवटची ओळ कॅमेऱ्याची. विमानात चढण्यापूर्वी दुसऱ्या सहकाऱ्याने आपली छत्री तपासायची, हा शिष्टाचार त्यासाठीच पाळायचा असतो. ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ ही वृत्ती ज्या भूमीत रुजली, तिथल्या तरुणाला कर्तव्यांचा हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागू नये.

चित्रामागची चौदा वर्षे

येथे एक शंका उपस्थित होईल. शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर पहिली उडी घेतली, तीही एकही सराव उडी न घेता, उणे ३७ अंश तापमानात, २४०० फुटांवरून. मग अनुभवाचा एवढा आग्रह कशाला? शंका रास्त आहे. परंतु त्या प्रसंगाचा बोध धाडसापुरता घ्यावा, अनुकरणासाठी नव्हे. त्या पहिल्या उडीवर शीतल महाजन थांबल्या असत्या, तर ती एक विस्मयाची गोष्ट म्हणून राहिली असती. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्या साऱ्या काळात त्यांनी शेकडो उड्या घेतल्या. नऊवारीतील उडी आली ती पहिल्या उडीनंतर चौदा वर्षांनी. सव्वाआठ मीटरचे वस्त्र वाऱ्यात फडफडू न देता आवळून बसवायचे, त्यावरून छत्रीचे पट्टे चढवायचे आणि छत्रीची मूठ पदराखाली झाकली जाणार नाही, अशी काळजी घ्यायची. हे नवख्याचे काम नव्हे. चित्रात साडी दिसली, चौदा वर्षे दिसली नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून त्यांनी घेतलेली उडी हे त्याच तपश्चर्येचे पुढचे पाऊल होय.

त्यांच्याही आधी रेचेल थॉमस यांनी २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली होती. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. भारतीयांच्या या छंदाची मुळे तर एकोणिसाव्या शतकात जातात. १८८९ मध्ये रामचंद्र चटर्जी यांनी कोलकात्यात एकट्याने बलूनमधून उड्डाण केले आणि पुढच्याच वर्षी छत्रीच्या साहाय्याने ते भूमीवर उतरले. पारतंत्र्यातील भारतीय माणसाने विमानाचा शोध लागण्यापूर्वी हे केले, याची आठवण आज फारशी कुणाला नाही. अलीकडच्या काळात उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये चिमुकल्या मायक्रोलाइट विमानातून लंडन ते दिल्ली प्रवास केला, आणि २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईतून उष्ण हवेच्या बलूनमध्ये बसून ६९,८५२ फुटांची उंची गाठली. ते उतरले ते आपल्या नाशिक जिल्ह्यात. अशा विक्रमाची सिद्धता उपकरणांच्या नोंदींनी होते, परंतु लोकांच्या मनात तो राहतो छायाचित्रामुळे. छायाचित्रकाराच्या कामाचे मोल त्यात आहे.

आकाशातून चित्र घेण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये केला. त्याचे आधीचे प्रयत्न फसले, कारण बलूनच्या तोंडातून निसटणारा वायू काचेवरील ओल्या रसायनाला बिघडवत असे. तो वायू रोखून धरल्यावरच चित्र उमटले. बलून उडवणे त्याला साधले होते, छायाचित्रणही येत होते, तरी दोन्ही एकत्र करताना नवी अडचण उभी राहिली. कॅमेरा घेऊन उडी घेणाऱ्याची स्थिती आजही तीच आहे. दोन विद्या वेगवेगळ्या अवगत असणे पुरेसे नाही, त्यांचा मेळ ही तिसरी विद्या असते.

संभाजीनगरच्या तरुणाने काय करावे?

मग छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयीन तरुणाने हा छंद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. त्याने प्रारंभ जमिनीवरून करावा. उंचीवरून पाहण्याचे शिक्षण देणारी ठिकाणे या जिल्ह्याइतकी क्वचितच कुठे असतील. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांच्या काळी, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत नेले गेले. शिल्पींनी कळस आधी घडवला आणि पाया शेवटी. मंडपाच्या छतावर कोरलेले कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह अंगणात उभ्या असलेल्या दर्शनार्थीला दिसत नाहीत. मागच्या डोंगरावर चढून गेलेल्यालाच ते दिसतात. तिथून घेतलेले छायाचित्र विमानातून घेतल्यासारखेच भासते. अजिंठ्याची नालाकृती दरी समोरच्या कड्यावरूनच पूर्णपणे आकळते. देवगिरीच्या माथ्यावरून अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट या तटांच्या रांगा पाहिल्या, म्हणजे दुर्गरचनाकाराच्या मनातला आराखडा समोर उलगडतो. सुमारे दीडशे किलोमीटरवरील लोणार सरोवराचे विवर काठावरून पाहता येते. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. पुढे पाण्याचे नमुने तपासले गेले आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्या रंगाचे कारण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. उंचावरच्या चित्राचा असाही उपयोग असतो.

दुसरी पायरी उडणाऱ्यांचे चित्रण जमिनीवरून करण्याची. मावळातील कामशेतला आणि पाचगणीला पावसाळा सोडून इतर महिन्यांत पॅराग्लायडिंग चालते. टेकडीच्या माथ्यावर, उड्डाणाच्या जागेपासून अंतर राखून उभे राहिले, म्हणजे उडणारी व्यक्ती जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येते. त्या ठिकाणी वाऱ्याची दिशा ओळखणे, छत्री कशी भरते ते पाहणे, उडणाऱ्याच्या वाटेत न येणे हे सारे शिकता येते. छायाचित्रणाबरोबर उड्डाणाचे व्याकरणही त्यातून समजते.

तिसरी पायरी विमानाची खिडकी. पंखाच्या पुढची आसनपंक्ती निवडावी. भिंग काचेजवळ न्यावे, पण टेकवू नये, कारण काचेचे कंपन चित्रात उतरते. आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब टाळण्यासाठी गडद कापडाचा आडोसा करावा. सकाळच्या तिरप्या उन्हात डोंगरांचे उठाव स्पष्ट दिसतात. हवाई छायाचित्रांनी महाराष्ट्राला त्याचे दुर्ग नव्याने दाखवले आहेत. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेली चित्रे ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकात आहेत, तर २०११ च्या ‘पहावा विठ्ठल’मध्ये पंढरीच्या वारीचे आकाशातून दर्शन घडते. रोजच्या पाहण्यातला डोंगर वरून पाहिला की त्याची तटबंदी वेगळीच बोलू लागते.

चौथी गोष्ट ड्रोनची. आज घरोघरी त्याचे आकर्षण आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हा छंद पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ केला, पण मोकाट सोडलेला नाही. चालू विमानतळाच्या सीमेपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच असल्याने शहराचा बराचसा भाग या कक्षेत येतो. गच्चीवरून लग्नाच्या वरातीचे चित्रण करणाऱ्यांनी हे ध्यानी घेतले पाहिजे. वेरूळ, अजिंठा, देवगिरी यांसारख्या संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व विभागाची अनुमती लागते. उतरत्या विमानाच्या इंजिनात शिरलेला लहानसा ड्रोन दीडशे प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो, हे सांगितले की नियमाचा हेतू पुन्हा समजावण्याची गरज उरत नाही.

राष्ट्राच्या सुरक्षेचाही येथे संबंध येतो. विमानातून छायाचित्रण करण्यावर १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने निर्बंध घातले होते. प्रवाशाने आपल्या खिडकीतून चित्र घेण्यास मुभा आहे, हे सप्टेंबर २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट केले. परंतु मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर, पश्चिम सीमेजवळच्या हवाई तळांवरील विमानांत दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा आणि चित्रण न करण्याचा आदेश निघाला. पुण्याचे लोहगाव हाही हवाई दलाचा तळ आहे. तिथे धावपट्टीवरचे चित्र घेण्याचा मोह आवरावा. सुंदर वाटणाऱ्या चित्रात शत्रूला उपयोगी पडणारा तपशील असू शकतो, याचे भान हौशी छायाचित्रकारानेच ठेवायचे असते.

आईवडिलांना चार शब्द

शेवटी पालकांसाठी. मुलगा किंवा मुलगी हरियाणातील नारनौलला अथवा परदेशी जाऊन उडी घेण्याचा हट्ट धरील, तेव्हा एकदम नकार देऊ नये. नकाराने इच्छा मरत नाही, ती लपून राहते, आणि लपून केलेले धाडस अधिक घातक असते. नकाराऐवजी प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाच्या किती उड्या झाल्या आहेत? राखीव छत्री शेवटची कधी तपासून घडी केली? ती आपोआप उघडणारे यंत्र बसवले आहे काय? वारा वाढला तर उडी रद्द करण्याचा अधिकार कुणाचा? ज्या केंद्रात या प्रश्नांचा राग येत नाही, ते केंद्र बहुधा चांगले असते. आणि पाचवा प्रश्न मुलाला विचारावा. चित्र निघणार नसेल, तरी उडी घेशील का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला आकाशाची ओढ आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला केवळ कौतुक हवे आहे, आणि ते मिळवण्याचे याहून सुरक्षित मार्ग पुष्कळ आहेत.

पहिल्या उडीला स्वतःचा कॅमेरा नेऊ देत नाहीत, म्हणून हिरमुसणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक उडीकाराची एक नोंदवही असते. उडीचा क्रमांक, दिनांक, स्थळ, विमान, उंची आणि मुक्त पतनाचे सेकंद त्यात लिहायचे असतात. खाली साक्षीदाराची स्वाक्षरी असते. पहिल्या दोनशे नोंदींना ती वहीच पुरेशी आहे. त्या नोंदी जो निष्ठेने भरील, त्याच्या शिरस्त्राणावर दोनशे एकाव्या उडीला खुशाल कॅमेरा चढवावा. तोवर त्याच्या हातांना छत्रीची मूठ न पाहता सापडू लागलेली असेल.